रबराला तेल लावू नये

एकाहत्तर साली जामखेड तालुक्यातल्या एका गावातल्या झाडून सगळ्या बायकांचं लक्ष माझ्या पोटाकडे लागलेलं होतं. गमतीनं म्हणत नाही. मी पाण्याला निघाले की ओट्यावर बसलेल्या बायका आधी माझ्या पोटाकडे बघायच्या आणि मग तोंडाकडे. जेवण जातंय का, चक्कर येते का, चहा बरा लागतो का, अशा चौकशा रोज व्हायच्या. माझ्या चहाची यांना कशाला पंचाईत? पण पंचाईत होती, आणि ती मीच माझ्या फटकळ तोंडानं ओढवून घेतली होती.

मी त्या गावची नर्स. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या आणि पुढे ओसरी. पुढच्या खोलीत सरकार, मागच्या खोलीत आमचा संसार. नवरा गावच्याच शाळेत मास्तर, आणि दीड वर्षाची एक मुलगी. पुढच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात कुटुंबनियोजनाचा माल ठासून भरलेला असे. निरोधची पाकिटं, फेसाच्या गोळ्या, जेलीच्या ट्यूबा. शिवाय बायकांनी आत बसवायची रबरी टोपी होती, पण ती अशी उचलून देता येत नसे. तिला मापं असतात. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई तपासून माप ठरवायच्या आणि बसवायला शिकवायच्या. बाळंतपण झालं की माप बदलतं, पुन्हा जावं लागतं. मुलगी झाल्यावर मी माझं माप नव्यानं घेऊन आले होते आणि मुकाट्यानं वापरत होते.

गावात मात्र कुणी काही घेईना. माझं सगळं शिकवणं पिठाच्या गिरणीवर चाले, कारण पुरुषांच्या नजरेआड बायका एकत्र सापडायची ती एकच जागा. डिझेल इंजिनाची गिरणी, कानठळ्या बसवणारी. गिरणीवाला इंजिनाशेजारी उभा राहून राहून अर्धा बहिरा झालेला, त्यामुळे त्याची अडचण नव्हती. मी बाजरीच्या डब्यांमधे उभी राहून ओरडून सांगायची. निरोध दरवेळी नवा घ्यायचा, धुऊन पुन्हा नाही. टोकाला हवा राहू द्यायची नाही, आणि बाहेर येताना कडेला धरूनच बाहेर यायचं, असं मालकाला सांगा. पाकीट पत्र्याखाली, चुलीजवळ ठेवू नका, उष्णतेनं रबर मरतं. गोळी गिळायची नाही, आत खोल ठेवायची, फेस व्हायला दहा मिनिटं थांबायचं आणि तासाभरात काय ते उरकायचं. पण नुसत्या गोळीवर भिस्त ठेवू नका. टोपीला जेली लावल्याशिवाय ती बसवू नका.

एकदा मी जिवाच्या आकांतानं ओरडत होते की नंतर सहा तास ती काढायची नाही, आणि नेमका त्याच क्षणी इंजिनाचा पट्टा निसटला. गिरणी एकदम गप्प झाली. माझं "सहा तास काढायची नाही" हे पार चावडीपर्यंत गेलं. दुसऱ्या दिवशी शाळेत दुसऱ्या एका मास्तरांनी माझ्या नवऱ्याला काय सहा तास काढायचं नाही, म्हणून विचारलं. नवऱ्यानं टोपी असं उत्तर दिलं, आणि बिचारा खरंच दिवसभर डोक्यावरची टोपी न काढता वर्गात बसला.

गिरणीवाल्याची बायको, जिला सगळं गाव गिरणीवाल्या वहिनी म्हणायचं, ती माझं बोलणं सगळ्यात लक्ष देऊन ऐकायची. तिशीची असेल. पाच मुलं. पाचव्याच्या वेळी मीच होते. वार पडली आणि रक्त थांबेना. बैलगाडीत घालून तालुक्याला नेलं तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते, आणि तिचा हात हातात धरून मी गाडीत शिव्या देत होते, बैलांना, रस्त्याला आणि गाडीवानाला. ती वाचली. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हिला पुढचं मूल झालं तर ही राहणार नाही. वहिनीपासून मी ते लपवलं नाही. ऑपरेशन करावं तर अंगात रक्त नाही. गिरणीवाल्यानं करावं तर त्याचं म्हणणं, मग इंजिनाचं हँडल मारणार कोण आणि पोती उचलणार कोण? निरोधचं पाकीट मी त्याच्या हातात दिलं, तर ते त्यानं मुलांना सापडू नये म्हणून इंजिनाच्या धुराड्यामागे खोचून ठेवलं. महिन्यानं काढलं तेव्हा आतलं सगळं वितळून एक झालं होतं.

वहिनीला त्याच्या भरवशावर राहायचंच नव्हतं. तिला स्वतःच्या हातातलं काहीतरी हवं होतं. म्हणून चैत्रातली जत्रा झाल्यावर एके दिवशी तिनं सगळ्यांदेखत मला विचारलं,

"बाई, तुमी सांगता ते खरं असंल. पन सांगायचाच तुमाला पगार हाय. तुमी सोता वापरता का?"

माझं डोकंच फिरलं. वापरते म्हणाले, टोपी आणि जेली, दीड वर्षं झालं. मग वहिनी शांतपणे म्हणाली की पुढच्या जत्रेपर्यंत बघू. बाईला दिवस गेले नाहीत, तर ती घेणार. लगेच जात्याभोवतीच्या आणखी पाचसहा जणी म्हणाल्या, आमीबी. आणि मी रागाच्या भरात म्हणाले, चालेल.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. त्यानं हातातल्या वह्या मिटल्या. मग म्हणाला, "म्हणजे आपली खाजगी गोष्ट तू गिरणीवर टांगून आलीस." पुढचा महिनाभर तो गिरणीच्या बाजूनं गेला नाही, लांबून ओढ्याकडनं शाळेत जायचा.

पण एक वर्ष नुसतं बघायचं, तर तोवर वहिनीचं काय? त्याची सोय तिनं परस्पर केली होती. गिरणीवाल्याचं अंथरूण तिनं गिरणीत नेऊन टाकलं. इंजिनाची राखण करा म्हणाली. त्या इंजिनाला चोरायला दहा माणसं आणि दोन बैलगाड्या लागल्या असत्या, पण तो बिचारा पोत्यांवर झोपायला लागला. मुलांना वाटायचं, बापाला गिरणीचा फार लळा आहे. त्यानंही तिला बजावलं होतं की जत्रेपर्यंत थांबतो. त्यानंतर टोपी असो नसो, तो घरीच येणार. नुसतं बोलत नव्हता, आला असता. आणि दर आठवड्याला रस्त्यात गाठून तो मला विचारायचा, "बाई, तब्येत बरी हाय ना?" गावातल्या दुसऱ्या कुठल्याच माणसानं माझ्या तब्येतीची इतकी मनापासून काळजी केलेली नाही.

आता खरी अडचण पुढे आली. बायकांना दर महिन्याला पुरावा हवा होता. गावात पाळी आली की बाई तीन दिवस बाहेर बसायची. मी त्याच्या विरुद्ध होते. मी नगरची, नर्सिंग शिकलेली. गावात आल्या आल्या मी जाहीर केलं होतं की मी बाहेर बसणार नाही आणि तुम्हीही बसू नका. त्यावर बायका म्हणाल्या, मग आमाला कळनार कसं? म्हणून ज्या चालीवर मी सगळ्यात जास्त तोंडसुख घेतलं होतं, तीच मी पाळायला लागले. दर महिन्याला तीन दिवस ओसरीवर चटई टाकून, रस्त्याकडे तोंड करून मी बसायची. येणारी जाणारी प्रत्येक बाई थांबायची, बघायची आणि समाधानानं पुढे जायची. नवरा भाकरी थापायचा. त्याच्या भाकऱ्यांना गोल म्हणायला जीभ रेटायची नाही. मी चटईवरनं सूचना करायची, आणि तो म्हणायचा, बाहेर बसलीयेस तर गप्प बस.

बाकी वर्ष तसं निभावलं. एकदा नगरहून येताना एसटीत घाट उतरताना मला उलटी झाली. गाडीत गावचा एक माणूस होता. मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली. मला दोन दिवस जिला तिला सांगावं लागलं की माझ्या शेजारी विडी ओढणारा बसला होता. दुसऱ्यांदा आठवडे बाजारात मी चिंच घेतली, तर तीन बायका माझ्या मागे मागे घरापर्यंत आल्या. मी त्यांच्यासमोर अख्ख्या चिंचेची चटणी वाटली आणि तीन वाट्या भरून त्यांच्या हातात दिली. पुढच्या महिन्यात मी चटईवर दिसले, तेव्हा प्रकरण मिटलं.

आणि मग माघ महिना आला. माझी पाळी आली नाही.

पहिले चार दिवस मी स्वतःला समजावलं की थंडीनं असेल. सातव्या दिवशी सकाळी नुसत्या फोडणीच्या वासानं पोटात ढवळलं आणि मला कळलं. मी नर्स, मला नाही कळणार तर कुणाला? मला भयंकर राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. माझं काय, माझं दुसरं मूल तीन वर्षांनी झालं असतं ते आता होणार, एवढंच. पण वहिनीचा विश्वास माझ्या पोटावर टांगलेला होता. जत्रा दोन महिन्यांवर आलेली. टोपी फसली असं तिला कळलं की ती कधी हात लावणार नाही, आणि गिरणीवाला पोत्यांवरनं उठून घरी येणार. पुढचं मला दिसत होतं.

मग मी एक लबाडी केली. चटई काढली आणि ओसरीवर जाऊन बसले.

दोन महिने असं केलं तर पोट दिसायच्या आत जत्रा उरकत होती, असा माझा हिशोब. बायका थांबल्या, बघितलं, पुढे गेल्या. दुपारी वहिनी स्वतः आली. ताटात बाजरीची भाकरी आणि मेथीची भाजी घेऊन आली, लांबून माझ्यापुढे सरकवली आणि खाली बसली. तिच्या तोंडावर इतका आनंद होता की मला तिच्याकडे बघवेना. म्हणाली, आता दोनच म्हैने ऱ्हायले. मेथीच्या वासानं माझ्या पोटात उसळत होतं आणि मी तिच्यासमोर घास गिळत होते. ती गेल्यावर मी घराच्या मागे जाऊन सगळं ओकले. मला माझी लाज वाटली.

दुसरा दिवस रविवार होता. रविवार म्हणजे नवऱ्याचा तेलपाण्याचा दिवस. हा श्रीगोंद्याकडचा शेतकऱ्याचा मुलगा. याच्या घरी विहिरीवर चामड्याची मोट होती आणि तिला करडईचं तेल पाजायचं काम लहानपणापासून याच्याकडे. मास्तर झाला तरी ती सवय गेली नाही. दर रविवारी दारात बसून वाटीभर करडईचं तेल घ्यायचं आणि वहाणा, सायकलचं खोगीर, पट्टा, जे दिसेल त्याला लावायचं. मी चटईवर बसून बघत होते. बायका समोरच्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. वहाणा झाल्या, खोगीर झालं. मग तो आत गेला, ट्रंकेतनं माझी पांढरी डबी काढली, उंबऱ्याच्या आत बायकांकडे पाठ करून, पण मला बाजूनं दिसेल असा बसला, डबीतली टोपी तळहातावर घेतली आणि दोन बोटं तेलात बुडवून तिला चोळायला लागला. इतक्या मायेनं चोळत होता, की त्यानं पोरीच्या टाळूलासुद्धा कधी इतकं तेल घातलं नव्हतं.

उठावं तर बाहेर बसलेली, समोर बायका. ओरडावं तर काय म्हणून ओरडायचं? मी दातांवर दात ठेवून विचारलं, "अहो, हे कधीपासून चाललंय?"

तो म्हणाला, पौषापासून. थंडीत टाचा फुटतात, ओठ फुटतात, हेही रबर फुटायला नको म्हणून. वर पीठही भुरभुरून ठेवतो, म्हणाला, तुला त्रास नको. हा माणूस माझ्यावर उपकार करत होता.

चार वर्षं मी गावभर सांगत होते की रबराला तेल लावू नये, कुठलंही नाही, तेलानं रबर सडतं. वापरायच्या आधी दरवेळी उजेडासमोर धरून बघावं, भोक आहे का, चीर आहे का, कुठे चिकट झालंय का. घरातल्याच माणसाला ते सांगायचं राहिलं होतं. आणि उजेडासमोर धरून बघायचं मी स्वतः सोडून दिलं होतं, कारण मला वाटायचं, मला काय बघायचं, मी तर नर्स. मधे दोनतीनदा हाताला चिकट लागलं होतं, तेही मी जेलीच्या नावावर खपवलं. मी चटईवरच रडायला लागले. ओट्यावरच्या बायका म्हणाल्या, पोटात दुखत असंल बिचारीच्या.

रात्रभर विचार करून सोमवारी सकाळी मी गिरणीवर गेले. लबाडी पुढे रेटावी असं एक मन सांगत होतं. पण टोपी वहिनीला दिल्यावर महिन्या-दोन महिन्यांत माझं पोट दिसणार, मग ती मधेच फेकून देणार, आणि तोवर गिरणीवाला घरी आलेला असणार. ते जास्त वाईट. मी गिरणीवाल्याला इंजिन बंद करायला लावलं. तो माझ्याकडे बघून इतका घाबरला की त्याला न सांगताच कळलं असावं. मी सगळ्या बायकांसमोर सांगितलं. दिवस गेलेत, कालची आणि परवाची चटई खोटी होती, आणि मास्तरांनी दोन महिने टोपीला तेल लावलं होतं. मी बघितलं नाही, चूक माझी.

एका म्हातारीनं मान हलवून आपला डबा उचलला. मी वहिनीकडे बघत होते. ती जात्याशेजारी उभी होती, हात पिठानं भरलेले. तिनं विचारलं,

"रबराला त्याल लावलं?"

मी म्हणाले, हो, करडईचं.

ती वळली आणि इंजिनापासून जात्यापर्यंत गेलेल्या रुंद पट्ट्यावर तिनं हात ठेवला. म्हणाली, "ह्यो पट्टा रबराचा हाय. इंजिनाचं त्याल थेंबभर सांडलं तरी मालक जेवत न्हाईत, सोड्यानं धुत्यात. त्यालानं पट्टा फुगतो, मऊ पडतो आन् एक दिस तुटतो." मग गिरणीवाल्याकडे बघून म्हणाली, "मास्तरला शाळेत ह्ये शिकवत न्हाईत वाटतं."

गिरणीवाला अर्धा बहिरा, पण हे त्याला नीट ऐकू आलं. रबराला तेल लावणारा माणूस पोरांना काय शिकवणार, असं तो इतक्या तळमळीनं बोलला की म्हातारीनं डबा खाली ठेवला. बायका हसायला लागल्या. मीही हसले आणि हसता हसता पुन्हा रडले. वहिनी म्हणाली की म्हणजे टोपी चुकली नाही, वापरणारं चुकलं. न चुकता वापरलं तेव्हा सव्वादोन वर्षं काही झालं नाही, हे तिनं बोटांवर मोजून सगळ्यांना दाखवलं. माझ्या चार वर्षांच्या भाषणांनी जे झालं नव्हतं ते एका वाटी तेलानं झालं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी आम्ही दोघी तालुक्याला गेलो. डॉक्टरीणबाईंनी तिचं माप घेतलं, तिच्याकडून तीनदा बसवून घेतली, काढून घेतली. मला मात्र गर्भारपणाचं कार्ड मिळालं आणि त्यासोबत अशी खरडपट्टी, की वहिनीनंच माझी बाजू घेतली. गिरणीवाल्यानं डबीसाठी इंजिनापासून लांब, सावलीतल्या भिंतीत एक लाकडी फळी ठोकून दिली. त्या फळीच्या हाताभर जवळ तेलाची बुधली नेली तर तो अंगावर धावून जायचा. बायकोला तो रोज विचारायचा, उजेडात बघितली का? त्याची पोत्यांवरची झोप संपली, ती जत्रेच्या महिनाभर आधी.

आश्विनात मी बाळंत झाले. त्या साली पाऊस नव्हता, गिरणीला दळण नव्हतं, म्हणून वहिनी दिवसभर माझ्याकडे होती. मुलगी झाली. धुऊन पुसून वहिनीनं तिला मांडीवर घेतलं आणि तिच्या मिटलेल्या मुठी सोडवून बघितल्या. मग म्हणाली,

"ही माज्या वाट्याची हुती, बाई. माज्या जागी तुमच्या पोटी आली."

तिच्या वाट्याला आली असती तर पोरीला मांडीवर घ्यायला वहिनी उरली नसती. हे त्या खोलीत आम्हा दोघींनाच माहीत होतं, आणि आम्ही दोघींनी ते बोलून दाखवलं नाही.